नदी उतरू नये म्हणून

राधाताई,

आधी नमस्कार करावा की आधी भांडून घ्यावं, हे मला ठरवता आलं नाही. तेव्हा दोन्ही पोचलं असं समज.

तू मला ओळखत नाहीस. मी गिरजा. तू फागणात तापानं गेलीस आणि वैशाखात मी तुझ्या घरी आले. तुझ्या नवऱ्याची दुसरी बायको, तुझ्या दोन लेकरांची मावशी. निदान कौसी तरी मावशी म्हणते. तुळश्या मला अजून काहीच म्हणत नाही. काही हवं असलं की येऊन पदर ओढतो. मी चौथी शिकले आहे. मास्तरांनी शिकवलं तसं लिहिते, पण मधूनच आपली बोली घुसेल. तू कोणी परकी थोडीच आहेस?

आजच का लिहायला बसले, ते सांगते. इतक्या दिवसांची पावसाची झड उघडायला आली आहे. आज सकाळपासून छपराच्या कवेलूंवरचा आवाज पातळ झाला आहे. पोरं जेवून गोधडीत झोपली आहेत. सासूबाई दारापुढच्या सपरीत बसून आभाळ पाहतात आणि म्हणतात, "उघडते आता. अडलेलं धानाचं रोवणं होऊन जाते." साऱ्या गावाला पाऊस थांबायला हवा आहे. मला नको आहे, ताई. अजून पडू दे, अजून थोडे दिवस पडू दे, असं मी मनातल्या मनात म्हणून राहिले आहे.

तुला तिकडून दिसत असेल तर कारण माहीतच असेल. तू गेलीस तेव्हा तुळश्याला शेजारच्या घरी निजवलं होतं. उठल्यावर त्यानं विचारलं, माय कुठी? सासूबाईंच्या तोंडून निघून गेलं, माहेरी गेली. मग उन्हाळाभर कधी तुझ्या आईचं दुखणं, कधी मामाच्या घरचं लग्न. आणि आखाडात वैनगंगा भरली, तेव्हा त्या म्हाताऱ्या जिवाला मोठाच आधार मिळाला. "नदी उतरली का येते तुयी माय." तुझं माहेर पल्याडचं. इथं दर पावसाळ्यात कोणाची ना कोणाची लेक पल्याड अडकतेच. माणसं नेणारा डोंगा बंद होतो आणि पाणी उतरेपर्यंत दोन्ही काठांनी वाट पाहायची. मोठी माणसं हे मानतात, तर चार वर्षांच्या पोरानं काऊन नाही मानायचं?

तेव्हापासून तो दारात बसून पाऊस पाहतो. अंगावर शिंतोडे येतात, खोकतो, पण उठत नाही. जरा वेळ गेला की विचारतो, "उतरली काय?"

"नाई रे, अखीन पूर आहे."

मग पुन्हा गाल हातावर. त्याला त्या उंबऱ्यावरून उठवून घरात रमवणं, हे माझं झडीचं काम झालं. रांधणं, शेण काढणं, ओल्या काड्यांवर चूल पेटवणं, हे सारं त्याच्यापुढे सोपं होतं बघ.

काय काय केलं म्हणून सांगू? चिंचोके भाजले, एकी-बेकी मांडली. कौसी खेळली. तुळश्यानं चिंचोके खाल्ले आणि दारात गेला. सारवायच्या मातीचे बैल केले. या हवेत ते वाळेनात, म्हणून चुलीजवळ ओळीनं मांडले, तर एकाचं शिंग गळून पडलं आणि तो रडला. मोहफुलं भाजून जवसाबरोबर कुटली, लाडू वळले. लाडू घेऊन दारात. शेवटी मी म्हशीसारखी ओरडले. सपरीतून सासूबाई म्हणाल्या, "गिरजे, म्हैस सुटली काय, पाह्य." तेवढ्यापुरता मात्र तो हसला.

तू काय करायचीस वं? मी कौसीला विचारलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "माया मायचे खेळ तुले काऊन सांगू?" आठ वर्षांच्या पोरीचं चुकलं असं कसं म्हणू? पण राग आला, आणि खरं सांगायचं तर तुझाच आला. एवढी गुणाची होतीस, सारा गाव नाव घेतो, तर माझ्यासाठी एखादा खेळ मागे ठेवायला काय झालं होतं?

खेळ शेवटी गळतीनं दिला. मधल्या खोलीत, बाजेच्या अगदी वर, कवेलू सरकलं. गोधड्या उचलल्या, बाज ओढून उलटी टाकली, चारही पाय वर, आणि गळतीखाली पाण्याची गुंडी ठेवली. तुळश्या आला, त्या उलट्या बाजेत चढला आणि एक पाय धरून बसला.

"डोंगा आहे," म्हणाला.

मी त्याला वल्हवायला सूप दिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो दाराकडे पाठ करून बसला होता, मी खूश. त्यानं सूप दोनदा जमिनीवर मारलं आणि म्हणाला, "चाल. मायकडे जाऊ."

कौसीनं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक आहे ताई, तिनं तुझी तिरडी बांधताना पाहिली आहे. मग तीच उठली, बापाचा दुपट्टा डोक्याला गुंडाळला, बाजेच्या टोकाला बसली आणि आवाज जाड करून म्हणाली, "थांबा जरा, बाई. तंबाखू मळून घेतो, मंग सोडतो डोंगा."

तिची तंबाखू काही मळून होईना. तुळश्या घाई करायचा, ती चुना मागायची. मी तिच्या तळहातावर खोटा चुना ठेवायची. तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. तुझ्यासारखंच हसत असेल ना?

त्या दिवसापासून आमचा डोंगा रोज सुटायचा आणि रोज मधेच अडायचा. कधी भोवरा लागायचा, कधी वाहून आलेलं झाड आडवं यायचं. एकदा कौसी म्हणाली, वाघ पोहून चालला आहे, आधी त्याले जाऊ द्या. वाघ जाईपर्यंत जेवायची वेळ झाली. पल्याडचा काठ आम्ही दोघी मिळून लांब लांब ढकलत होतो.

भर दुपारी घरात अंधार असायचा. धूर वर जायचा नाही, जमिनीवरच पसरून राहायचा. गुंडीत टपटप. आम्ही तिघं बाजेत, आणि मला खरंच वाटायचं की खालची सारवलेली जमीन हलून राहिली आहे. भिंती लांब गेल्या आहेत. सासूबाई बाहेर कोंबड्या हाकलायच्या, तो आवाजही कुठल्या तरी काठावरून यायचा. वल्हवता वल्हवता तुळश्या माझ्या मांडीवर झोपून जायचा. कौसी हळूच विचारायची, "आता डोंगा कोन हाकलते?" मी म्हणायची, आपोआप जाते. मग तीही पेंगायची. इतकी सुखाची दुपार मी माहेरीसुद्धा पाहिली नव्हती.

अशाच एका डुलकीत तू दिसलीस. पाण्यात पाय सोडून काठावर बसली होतीस, हिरवं लुगडं नेसून. मी तुला कधी पाहिलं नाही, घरात तुझा फोटो नाही, म्हणून तुझं तोंड कौसीचंच होतं, फक्त थकलेलं. मी विचारलं, त्याला सांगू काय? तू काही बोलली नाहीस, पाणी पाहत राहिलीस. हे काही बरं केलं नाहीस, ताई. इतक्या लांबून यायचं आणि गप्प बसायचं? नाहीतर एकदा त्याच्याच स्वप्नात जाऊन तूच सांगायचंस. तुझ्या तोंडून ऐकलं असतं तर त्यानं मानलं असतं.

यांना विचारलं तर म्हणाले, "पोट्टा मोठा झाला का समजन त्याले." मालगुजारी गेल्यापासून तलावाच्या पारीकडे पाहणारं कोणी उरलं नाही, पाण्याच्या जोरानं ती फुटू नये म्हणून बाप्ये पाळीपाळीनं तिथे राखण करतात. हे ओले होऊन येतात, जेवतात, परत जातात. तुझं नाव निघालं की ताटावरून उठतात. मी त्यांच्यावर चिडत नाही. ते अजून रडलेच नाहीत असं सासूबाई म्हणतात.

मला भीती कसली आहे, ते तुलाच सांगू शकते. नदी उतरेल, डोंगा सुटेल. पल्याडच्या साऱ्या लेकीबाळी येतील आणि तू येणार नाहीस. मग तुळश्या काय समजेल? माझ्यामुळे आली नाही, घरात दुसरी बाई पाहून रस्त्यातूनच फिरली, असंच ना? मी त्याच्या जागी असते तर मला हाकलून दिलं असतं. तो आता कुठे माझ्या मांडीवर झोपायला लागला आहे गं.

ताई, मधेच उठावं लागलं. आता परत बसले आहे. मघा लिहीत होते तेव्हा पाऊस होता, आता अंगणात ऊन आहे.

पाऊस थांबला तो एकदम. रस्त्यानं कोणी चाललं होतं, त्याला सासूबाईंनी विचारलं, "नदीचं कसं आहे गा?" तो म्हणाला, "उतरून राह्यली, बाई. सकाळी डोंगा सुटन." मी वळून पाहिलं, तर तुळश्या जागा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

मला वाटलं, हा आता धावत सुटणार. तो दारापर्यंत गेला, आणि त्यानं दार लावून घेतलं. दोन्ही फळ्या ढकलल्या. मग येऊन बाजेत बसला.

मी म्हटलं, "पाऊस थांबला रे. जाय, खेळ बाहेर."

"नाई थांबला."

"ऊन पडलं, पाह्य ना."

"नाई पडलं." फटीतून उन्हाची रेघ त्याच्या गुडघ्यावर आली होती, तरी म्हणाला. मग माझ्याकडे न पाहता त्यानं विचारलं, "माय आली तं तू कुठी जाशीन?"

मी दुसऱ्याच प्रश्नाची तयारी करून बसले होते. म्हणजे हे पोर पण माझ्यासारखंच, झड थांबू नये म्हणत बसलं होतं काय? 'दोघीबी राहू' असं अगदी ओठावर आलं होतं. सोपं होतं, गोड होतं, आणि उद्या पुन्हा नदीकडे बघत बसला असता.

मी बाजेजवळ खाली बसले. म्हटलं, "मी कुठीच नाई जात. आन् तुयी माय पल्याड नाई रे, राजा. ती मेली. तुले शेजारी निजवलं होतं ना, त्याच दिवशी."

"मामाच्या घरीबी नाई?"

"नाई."

"मंग बुढी माय काऊन म्हणते?"

"तिच्यानं सांगवलं नाई."

तो सुपाची कड खरवडत बसला. मग रडला. जवळ घेऊ गेले, तर दोन्ही हातांनी ढकललं, जोरात. मी मागे सरकले, पण उठले नाही. कौसी गोधडीतून उठून आली आणि बाजेचा पाय धरून उभी राहिली. तिलाही रडायचं होतं, इतके महिने कोणी रडूच दिलं नव्हतं. मग तीही रडली. पुष्कळ वेळानं तुळश्यानं नाक पुसलं, बाजेत जरा बाजूला सरकला आणि म्हणाला, "बस."

मी बसले. कौसी बसली. मी विचारलं, "कुठी जायचं?"

"कुठीच नाई," तो म्हणाला.

सासूबाईंनी बाहेरून दार वाजवलं, "भरदिवसा दार काऊन लावलं वं?" आमच्यातलं कोणी उठलं नाही.

आता तुला वचन देते. उद्या त्याला घेऊन मी नदीवर जाणार आहे. तुला जिथं नेलं ती जागा कौसी दाखवेल. तो पुन्हा विचारेल, परवा विचारेल, पुढच्या पावसाळ्यातही विचारेल, आणि मी दर वेळी खरंच सांगेन. पित्तरपाटात नवमीला तुझं पान तोच वाढेल. या घरात तुझं नाव निघालं की कोणी ताटावरून उठणार नाही, एवढं मी यांच्याकडूनही करून घेईन.

तू कधीही ये. त्याच्या झोपेत ये, माझ्या डुलकीत ये, पोरांना डोळे भरून पाहून जा. पण बाया म्हणतात, मेलेली माय लेकराला ओढून नेते. तसं काही तुझ्या मनात असेल, तर आत्ताच सांगून ठेवते, राधाताई. तो तुझा आहे हे मी त्याला रोज सांगेन. पण तू न्यायला आलीस, तर मी देणार नाही.

तुझ्या लेकरांजवळ बसलेली,
गिरजा