लेकीची अर्धी गोष्ट

प्रिय आई,

धारणीहून तुझ्या एस्तेरचा सलाम. आम्ही दोघी मजेत आहोत. यांची अकोल्याची नोकरी आहे, पण शनिवारी न चुकता येतात. तू डोळ्यांत औषध टाकतेस ना?

यंदा रूथवर ओरडायचं नाही असं मी ठरवलं होतं. ओरडणं थांबलं, पण तिची गाऱ्हाणी मी संध्याकाळच्या प्रार्थनेत घालू लागले. "हे प्रभू, रूथला खरं बोलायची बुद्धी दे. आज तिनं डब्यातली भाजी टाकून दिली आणि खाल्ली म्हणून सांगितलं." प्रार्थना चालू असताना बिचारीला उलट बोलता येत नसे.

मंगळवारी प्रार्थनेची पाळी तिची होती. डोळे मिटून ती म्हणाली, "प्रभू, मम्मीनं तुले अर्धीच गोष्ट सांगतली. भाजीत मीठच नव्हतं. मम्मी शाळेतून थकून येते, मंग तिले कसं सांगू? आमेन."

मला ते कळलंच नव्हतं, कारण त्या दिवशी मी माझा डबा उघडलाच नव्हता. रागावू नकोस, आता रोज जेवते. मग दोघी इतक्या हसलो की पोळ्या गार झाल्या. आता आमच्याकडे प्रार्थनेत ज्यानं त्यानं आपलीच चूक सांगायची.

आई, तूही माझी गाऱ्हाणी अशीच देवापुढे मांडायचीस. नाताळात अमरावतीला येऊ, तेव्हा करंज्या करता करता माझी अर्धी गोष्ट तुला सांगेन.

तुझी,
एस्तेर