सँडरीला बाबांसोबत

सँडरी, मंगळवार

प्रिय डेस्मंड,

आम्ही सुखरूप पोचलो. बाबांची तब्येत बरी आहे, काळजी करू नकोस. तुझ्या पोरींचा खोकला थांबला का?

बाकी इथे नुसता वैताग आहे. काल वाऱ्यामुळे होड्या बंद होत्या, चहाघर सोमवारचं बंद, आणि पबमध्ये शिरलो तर तिथली बाई म्हणाली, "स्वयंपाकघर आत्ताच आवरलं, आजोबा." शेवटी धक्क्यावरून तळलेला मासा आणि बटाटे घेतले नि भिंतीच्या आडोशाला बसलो.

बाबा खाईनात. म्हणाले, "तुझी आई येऊ दे की. आणि तिच्या बटाट्यांवर व्हिनेगर घालू नकोस, तिला चालत नाही."

मी आधीच दमलेली, चिडलेच रे. म्हटलं, "बाबा, आई गेली. मार्चमध्येच गेली." हे पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग तिथेच रडायला लागले.

आज सकाळी पुन्हा विचारलं, "आई कुठंय?" मी म्हटलं, "किनाऱ्यावर फिरायला गेलीय." त्यांनी मुकाट्याने दोन अंडी खाल्ली.

शनिवारी नक्की ये, मला एकटीला झेपत नाही. त्यांनी विचारलं तर तूही हेच सांग.

तुझी ताई,
रोझालिंड