सातवा सैनिक

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. फक्त खेळाच्या अभ्यासासाठी. भावनांना इथे थारा नाही.
काल मोबाइलवरच्या पत्त्यांच्या खेळात सासरेबुवांकडून सलग अकराव्यांदा हरलो. हा खेळ त्यांना मीच शिकवला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते आमच्याकडे आले, दिवसभर बसून वैतागायचे, म्हणून. माझ्याकडचे जास्तीचे पत्तेही देऊन टाकले. सगळे मंत्रांचे. मंत्र हे नवख्यांचं काम, खरा खेळाडू सैन्य उभारतो, असंही तेव्हा समजावून सांगितलं होतं.
आता त्यांच्याकडे एकही सैनिक नाही. नुसते मंत्र. मी सैनिक मांडतो, ते जाळतात. पुन्हा मांडतो, ते गोठवतात. याला खेळ म्हणत नाहीत.
अर्थात, नशिबाचा भाग आहे. अकरा वेळा लागू शकतं एखाद्याचं नशीब.

३ फेब्रुवारी, मंगळवार. जेवणानंतर
जेवताना पुन्हा तोच विषय. बायकोचं म्हणणं, बाबांनी आता कायमचं इथेच राहावं. त्यांचं घर चौथ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस! सासरेबुवांचं म्हणणं, आपल्या घरी आपण बरे. ती रडवेली झाली. मला बघवेना. म्हणालो, निकाल खेळावर लावू. फिजिओथेरपीवाल्या बाई २१ तारखेला त्यांना मोकळं करणार आहेत. तोपर्यंत मी एकदा जरी जिंकलो तरी बाबांनी राहायचं. नाही जिंकलो तर त्यांनी जायचं, हिने अडवायचं नाही.
सासरेबुवा म्हणाले, ठीक.
बायको खूश होईल असं वाटलं होतं. ती भांडी फार जोरात ठेवते आहे.
अठरा दिवस, एक विजय. डाव्या हातचा मळ.

५ फेब्रुवारी. संध्याकाळी
उपाय सापडला. ‘मौन’ नावाचा पत्ता. टाकला की ती फेरी कोणालाच मंत्र टाकता येत नाही. माझ्या गठ्ठ्यात चारच्या चार मौन घालून बसलो.
हातात चारही आले. सैनिक एकही नाही. चार फेऱ्या दोघेही गप्प. पाचव्या फेरीत ते बोलायला लागले ते माझा जीव संपेपर्यंत.
तत्त्व म्हणून उपाय बरोबर होता. पत्ते वाटणाऱ्या प्रोग्रामचा दोष.

८ फेब्रुवारी, रविवार. दुपार
आज नवी नीती. झटपट हल्ला. छोटे, स्वस्त सैनिक, त्यांचे मंत्र तयार होण्याआधीच घुसायचं. घुसलो. त्यांच्याकडे ‘ठिणगी’ होती. छोट्यांसाठी ठिणगी पुरते, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मला! मी शिकवलेल्या खेळात!
बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, काय झालं. नेट स्लो होतं म्हणून सांगितलं.

११ फेब्रुवारी. दुकानात, जेवणाची सुट्टी
चष्म्याच्या दुकानात लक्ष लागत नाही. सकाळी एका गिऱ्हाइकाची डावी काच उजवीकडे बसवली. बाई परत आल्या, म्हणाल्या, पायऱ्या तिरक्या दिसतात. मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, डोळे तुमचे तपासायचे का?
असो. मोठा शोध लागला. त्यांचा खरा मारेकरी एकच पत्ता, ‘वणवा’. मांडलेलं सगळं सैन्य एका झटक्यात भस्म. मांडायला जागा सात. म्हणून नियम: तीनपेक्षा जास्त सैनिक मांडायचे नाहीत, बाकीचे हातात राखायचे. खाली दोन रेघा मारल्या आहेत.

त्याच दिवशी, संध्याकाळी
तीन मांडले. छान चाललं होतं. तीन विचित्र दिसत होते म्हणून चौथा ठेवला. मग पाचवा बसतच होता. सहावा. सातवा ठेवला आणि वणवा.
सासरेबुवा गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून म्हणाले, “लिफ्टमध्ये पाटी असते, सहा माणसं. पण दार लागताना सातवा घुसतोच. मग कोणीच वर जात नाही. मी त्या सातव्याची वाट बघतो, जावईबापू. तुम्ही फार वेळ लावत नाही.”
बोलण्यात राम नाही. ही लिफ्ट नव्हे.

१४ फेब्रुवारी, शनिवार
गौप्यस्फोट. माझ्या चष्म्याच्या काचेत त्यांना माझे पत्ते दिसतात! समोरच तर बसतात. मी या धंद्यातला माणूस, आधीच कसं लक्षात आलं नाही? दुकानातून बिनचकाकीच्या काचा बसवून आणल्या.
हरलो. पण आता स्पष्ट दिसत होतं.

१७ फेब्रुवारी. सकाळी
बायको फोनवर कुणा सुताराशी बोलत होती. बाबांच्या इमारतीच्या जिन्याला जास्तीचा कठडा बसतो का, प्रत्येक मजल्यावर टेकायला एखादं बाकडं ठेवता येईल का, विचारत होती. आवाज अगदी साधा. मी हरणार, हे तिने धरूनच चाललंय.
मला पाहिल्यावर एवढंच म्हणाली, “माझ्या बाबांना पणाला लावताना मला विचारायचं तरी होतंस.”
मोबाइल खिशात ठेवून बसलो. पाच मिनिटं तरी.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
एकूण एकोणचाळीस पराभव. रोजनिशीत आकडे लिहू नयेत.
फिजिओथेरपीवाल्या बाई आल्या होत्या. जिना चढायला लावला. बारा पायऱ्यांत सासरेबुवा दोनदा थांबले. बुटाचा तळ घसरतो म्हणाले. बुटाचाच दोष असणार. त्यांची बॅग भरून दाराशी ठेवली आहे. माझ्या येण्याजाण्याच्या वाटेतच.

२१ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी १२.४०
जिंकलो! जिंकलो!
शेवटचा डाव. नियम मोडून सरळ सातही सैनिक मांडले. शत्रूला अनपेक्षित असं काहीतरी करायचं, हीच ती नीती. सासरेबुवा मोबाइलकडे बघत राहिले. एक फेरी सोडली, दुसरी सोडली. पत्तेच येत नाहीत म्हणाले. मी घाव घालत गेलो. शेवटी मोबाइल ठेवून म्हणाले, “झालं. शब्द म्हणजे शब्द. राहतो.”
बायकोने मिठी मारली. त्यांना. मग माझ्याकडे बघून हसली, अठरा दिवसांत पहिल्यांदा.
माझ्या पद्धतीवर एक सविस्तर लेख लिहायला हवा. मंत्रवाल्यांच्या जाचाला कंटाळलेले माझ्यासारखे हजारो असतील.

२२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी
लेखासाठी कालचा डाव पुन्हा चालवून पाहिला. अशा वेळी दोघांचेही पत्ते दिसतात.
वणवा त्यांच्या हातात पाचव्या फेरीपासून होता. तो टाकण्याएवढी शक्तीही होती. मी सातवा सैनिक ठेवला तेव्हा होता. नंतरच्या चारही फेऱ्यांत होता.
तीनदा पाहिलं.
बाहेर गेलो. सासरेबुवा बॅग रिकामी करत होते, एकेक शर्ट उलगडून पुन्हा घडी घालत होते. मी म्हणालो, बाबा, तो वणवा... त्यांनी वर पाहिलंच नाही. म्हणाले, “हिला सांगू नका.” मग विचारलं, कपाटातला कोणता कप्पा त्यांचा. मी माझा वरचा रिकामा करून दिला. वाकावं लागू नये म्हणून.
लेख रद्द.

संध्याकाळी ६.०५
एक डाव झाला. सहा सैनिक मांडून थांबलो होतो. खरंच थांबलो होतो.
मग सातवा ठेवला.