विलाप हवा आहे

बुकोविना, ३ नोव्हेंबर १९३४
पोचलो. सिम्फनीचे तीन भाग तयार आहेत (डोक्यात). दुसऱ्या भागासाठी अस्सल विलाप हवा. मयतावर गाऊन रडावं ते साफ्ता आजीनं, असं सगळे म्हणतात. दोन दिवसांचं काम. स्पर्धेची मुदत १ डिसेंबर. बक्षीस आपलंच.

५ नोव्हेंबर
आजी नाही म्हणते. मयत नसताना विलाप म्हटला, तर तो कुणाला तरी शोधत हिंडतो म्हणे. अडाणीपणा! घरमालक गाव्रिलाला सहज विचारलं, गावात कुणी फार आजारी आहे का. त्यानं छातीवर क्रूस काढला आणि तो आत निघून गेला.

८ नोव्हेंबर
काय डोकं आहे माझं! मयत मीच होणार. आजीनं बराच विचार केला, मग माझं आणि आईचं नाव विचारून घेतलं.

९ नोव्हेंबर, दुपार
बाकावर आडवा. पाय दाराकडे, हातात मेणबत्ती. मयताच्या घरात झाकतात तसा आजीनं आरसासुद्धा झाकला. ध्वनिमुद्रणाला फोनोग्राफ सुरू. दर ओळीच्या शेवटी माझं नाव. “लोकांची गाणी गोळा केलीस रे, जाताना तुझं स्वतःचं कोणतं नेशील, तिबेरिउ?” शब्दांशी मला कर्तव्य नाही, चाल अप्रतिम. बाक फार गार होतं, इतकंच.

१० नोव्हेंबर
नमस्काराला कुणी उत्तर देत नाही. चर्चबाहेर माझ्या नावानं मयताचे गोड गहू वाटले. मीही खाल्ले, साखर कमी होती. गाडीवान म्हणाला, “तुम्हाला घेऊन घाट उतरायचा नाही, साहेब. घोडी बिचकतात.” उद्या चालत जाईन. चालणं तब्येतीला चांगलं.

बुखारेस्ट, २२ नोव्हेंबर
ताप उतरला. खोकला आहे, पण कलावंताला शोभतो. फोनोग्राफ ऐकून दुसरा भाग एका दिवसात उतरवला. बाकीचे तीन उद्यापासून.

३० नोव्हेंबर
तिन्ही भाग दोन दिवसांत उरकले. मला घाईतच सुचतं. आरशावर चादर टाकली आहे, खिडकीतून धूळ येते म्हणून.

१८ डिसेंबर
दोन पत्रं आली. परीक्षक लिहितात: “दुसरा भाग जिवंत आहे. तो मूळ कुणाचा, ते कळवावं. बाकी तिन्हींत जीव नाही.” हेवा, दुसरं काय.
दुसरं गाव्रिलाचं. आज माझा चाळिसावा, म्हणजे मयताचं दिवसकार्य. मागे राहिलेला कोट त्यानं माझ्या नावानं दान केला. आजी विचारते, विलापाला माणूस सापडला का.
परीक्षकांचं तोंड बंद करायचं. सकाळपासून पियानोवर बसलोय, स्वतःची फक्त एक ओळ हवी. बोटं ठेवली की आजीचीच चाल येते, आणि माझ्या नावाशी येऊन थांबते.
भीती वाटते. चादर उद्या काढू.