ट्रक का सोडला, आणि दाजींना न सांगितलेलं बाकीचं

तीर्थरूप पुंजाजी दाजी यांच्या सेवेशी,

आडगाव नाक्यावरून तुमचा मेहुणा गेणू दोन्ही हात जोडून रामराम करतो. (दोन्ही हात जोडता येतात, कारण एकतीस वर्षांनी माझ्या हातात स्टिअरिंग नाही. ते कुणाच्या हातात आहे ते पुढे येईल. शेवटचं पान आधी उघडायची तुमची सवय मला माहीत आहे, तेवढं यावेळी करू नका.) गोजराअक्काच्या गुडघ्याला तेलाने आराम पडला असेल. डाळिंबावर यंदा तेल्या रोग नाही असं अक्का म्हणाली, ऐकून बरं वाटलं. आम्ही इकडे ठीक. चांगुणा बरी आहे, समाधान कामाला जातो, आणि माझी कंबर मी उठलो की माझ्यानंतर पाच मिनिटांनी उठते.

आजकाल पत्र कोण लिहितं, असं तुम्ही म्हणाल. पण दाजी, तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे तुम्ही फोन कानापासून वीतभर लांब धरता, "हां, बरं शे" म्हणता आणि अक्काकडे देता. अक्काला सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सटाण्याच्या बाजारात पोचते. आणि ही गोष्ट आधी तुम्हालाच कळायला हवी.

मी ट्रक का सोडला ते तुम्ही दिवाळीत विचारलं होतं आणि मी "कंबर" एवढंच सांगितलं होतं. ते खरं आहे, पण अर्धं. आमच्या मालकाने, जीवनशेठने, नवी चौदा टायरची गाडी घेतली. केबिनला एसी, सीट अशी की आमच्या घरात तशी खुर्ची नाही. आणि काचेवर एक कॅमेरा. मला वाटलं रस्ता बघायला असेल. नाही. तो ड्रायव्हरचं तोंड बघतो. ड्रायव्हरचे डोळे मिटले की टूं टूं वाजतो आणि इकडे ऑफिसात निरोप जातो. आता माझे डोळे तुम्ही पाहिलेच आहेत. आमच्या आईचे, अक्काचे, माझे, सगळ्यांचे तसलेच, बारीक. (तुमच्या लग्नात अक्काचा फोटो काढताना फोटोवाला तीनदा "डोळे उघडा" म्हणाला होता आणि तुम्ही त्याच्यावर भडकला होता.) पिंपळगावहून टोमॅटो भरून दिल्लीला निघालो. भर दुपार, लख्ख ऊन, चांदवड मागे पडलं नाही तोच टूं टूं. ऑफिसातल्या मुलीचा फोन आला.

"गेणूकाका, झोपू नका."

"जागा हाय ना ताई. तुझ्याशी बोलतोय."

"पण सिस्टीममध्ये तुम्ही झोपलेले दिसताय."

धुळ्यापर्यंत असे अकरा फोन. शेवटी मी डोळे ताणून उघडे ठेवले आणि तसाच चालवत राहिलो. सेंधव्याच्या ढाब्यावर उतरलो तर मालकाने माझं तोंड पाहून आधी पाणी आणलं आणि हळूच विचारलं, "भाईसाब, रस्ते में क्या देख लिया?" दिल्लीत माल उतरवेपर्यंत दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिथल्या हमालांना वाटलं घरी काही वाईट घडलं. परत आल्यावर शेठला म्हटलं, एकतीस वर्षं तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला, आता यंत्र म्हणतंय मी झोपतो. शेठ म्हणाला, "गेणूभाऊ, तुमचं पटतंय, पण विमावाले कॅमेऱ्याचं ऐकतात." भांडण झालं नाही. चहा प्यालो, किल्ली टेबलावर ठेवली, आणि पायी घरी आलो. रस्त्यात एकदा मागे वळून गाडी नीट लावलीय का ते बघितलं, सवयीने.

मग पंधरा-सोळा दिवस एका डॉक्टरबाईंची मोटार चालवली. ती गोष्ट थोडक्यात सांगतो. ट्रकवर बसलेल्या माणसाला मोटारीत बसलं की आपण रस्त्यावर बूड टेकून बसलोय असं वाटतं. वळण घेताना मागे वीस फूट गाडी आहे असं समजून मी इतका लांबून फिरवायचो की कॉलेज रोडवर रिक्षावाले थांबून नमस्कार करायचे. शिवाय रोज सकाळी निघायच्या आधी लोखंडी टॉमीने चारही टायर ठोकून हवा बघायचो. बाईंना वाटलं हा माणूस गाडीवर राग काढतो. त्यांनी गोड बोलून रजा दिली.

त्यानंतर म्हसरूळकडच्या एका ड्रायव्हिंग शाळेत शिकवायची नोकरी मिळाली. मोठ्या गाड्यांची शाळा आहे, बस, ट्रक. तिथे ललित म्हणून सव्वीस वर्षांचा इंजिनीअर मुलगा आहे. तो म्हणाला, काका, आधी तुमची चाचणी. एका खोलीत सीट, स्टिअरिंग आणि समोर भिंतभर टीव्ही. त्याला सिम्युलेटर म्हणतात. एकतीस वर्षांत माझ्या चाकाखाली कोंबडी आली नाही दाजी. त्या खोलीत मी पाऊण तासात दोन पादचारी, एक गाय आणि एक ट्रॅफिक पोलीस घेतला आणि शेवटी पुलावरून नदीत गेलो. मशीनमधली बाई प्रत्येक वेळी शांतपणे सांगायची, "आपकी यात्रा समाप्त हुई." मी ललितला म्हटलं, बाबा, इंजिनाचा आवाज खोटा आहे, सीट हादरत नाही, डिझेलचा वास नाही, मला कळणार कसं गाडी काय म्हणतेय? तो भला मुलगा. मला मैदानात नेऊन खऱ्या बसवर बसवलं, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "सोमवारपासून या."

आता दाजी, इथे जरा पाणी प्या.

सोमवारी गेलो. बारा जणांची बॅच. अकरा पोरं आणि पहिल्या बाकावर एक मुलगी, नाशकातल्या स्कूटीवाल्या पोरींसारखा तोंडाला स्कार्फ गुंडाळलेली. हजेरी घ्यायच्या आधी तिनं स्कार्फ सोडला. आपली पूजा. तुमची पूजा. जी तलाठ्याच्या परीक्षेसाठी इथे हॉस्टेलवर राहते असं तुम्हाला वाटतं. (राहते. क्लासही करते, सकाळी सात ते नऊ. ही शाळा दहाला. तिचं म्हणणं, मी खोटं बोलले नाही, पूर्ण सांगितलं नाही.) ती माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. पोरांना वाटलं सर पहिल्याच दिवशी हजेरी विसरले.

बाहेर येऊन म्हणाली, "मामा, आण्णांना सांगू नका."

मी म्हटलं, "तू आधी हे सांग, हे काय खूळ हाय? तुझ्या बापाने तुला टेबल-खुर्चीच्या नोकरीसाठी पाठवलंय."

"दोनदा परीक्षा दिली मामा. तिसऱ्यांदाही देईन. पण एसटीत बायकांची ड्रायव्हर म्हणून भरती होतेय. मला गाडी येते. मला गाडी आवडते."

मी चिडलो, हे आधीच सांगतो. मामा म्हणून तिला फूस लावली असं तुम्हाला वाटेल, पण मी उलट तिने सोडून द्यावं म्हणून जिवाचा आटापिटा केला. तिला रस्त्याच्या गोष्टी सांगितल्या. समाधान जन्मला तेव्हा मी गुवाहाटीत कांदा उतरवत होतो आणि मला मुलगा झाला हे तिसऱ्या दिवशी एका बूथवरून कळलं, हे सांगितलं. बाईमाणसाला हायवेवर साधं मुतारीला जायची सोय नसते, हेही सांगितलं. ती म्हणाली, "म्हणून तर एसटी मामा, प्रत्येक स्टँडवर सोय असते." (असते, पण कशी असते ते तिला मी सांगितलं नाही.) मग मी मैदानात दोन ड्रमांच्या मधून बस मागे घ्यायला लावली. पोरांना दहा वेळा, तिला चाळीस वेळा. दोन पोरांनी शाळाच सोडली. ती संध्याकाळी हात सुजवून म्हणायची, "उद्या किती वाजता?" तेव्हा मला आठवलं दाजी, चौदा वर्षांची असताना तिने पावसात रुतलेली कांद्याची ट्रॉली ट्रॅक्टर लावून एकटीने बाहेर काढली होती, आणि तुम्ही महिनाभर पारावर बसून तेच सांगत होता. मी आलो तेव्हा तर मला दोनदा सांगितलं. म्हणजे हे खूळ माझ्याकडून आलेलं नाही.

मागच्या मंगळवारी सकाळी बॅच कसारा घाटात नेली. इगतपुरी सोडल्यावर धुकं होतं. उताराला पूजा स्टिअरिंगवर, मी शेजारी, मागे नऊ पोरं. माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्यासाठी. उतार लागायच्या आधीच तिनं गिअर खाली घेतला आणि बस इंजिनावर सोडली, ब्रेकला पाय लावला नाही. मागून पोरं ओरडत होती, "पूजाताई, बैलगाडी हाय का?" पुढे एक कंटेनर जात होता. ती त्याच्यापासून भरपूर लांब राहिली. दुसऱ्या वळणाच्या आधी नाक वर करून म्हणाली, "मामा, ब्रेकचं लायनर जळतंय. आपलं नाही. पुढच्याचं." खरंच दाजी, तो वास मला तिच्यानंतर आला. एकतीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं. कंटेनरचे ब्रेक तापून बसले होते, तो वेगात निघाला होता. त्या ड्रायव्हरने शहाणपण केलं, दरीची बाजू सोडून गाडी डोंगराला घासली. आवाज झाला, दगड उडाले, आणि कंटेनर रस्त्यात आडवा थांबला. पूजानं बस पन्नास-साठ फुटांवर उभी केली, झटका न देता, मागच्या पोराच्या हातातली पाण्याची बाटलीसुद्धा पडली नाही. दिवे चालू केले, चाकांना दगड लावायला पोरं उतरवली आणि दोघांना लाल फडकं घेऊन मागे पळवलं, धुक्यातून येणारी गाडी आमच्यावर येऊ नये म्हणून. मी शेजारी शांत बसून होतो. माझ्या बाजूचा ब्रेक मी वापरला नाही. शिकवणाऱ्याने अशा वेळी मध्ये पडायचं नसतं.

कंटेनरचा ड्रायव्हर उतरला, खरचटण्यापलीकडे काही नाही. पूजानं त्याला पाणी दिलं. तो आमच्या बसकडे बघून मला म्हणाला, "उस्ताद, आप और पास होते तो आज सब जाते. अच्छा संभाला." मी म्हटलं, मी नाही, हिने. त्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हात जोडले. मी रस्त्याच्या कडेला जाऊन उगाच टायर ठोकत बसलो. डोळ्यांत पाणी होतं, ते धुक्याचं.

आता अडचण ऐका. आरटीओची तिची परीक्षा मागच्याच महिन्यात होती. ती गेलीच नाही. म्हणते, "घरी लपवून लायसन काढायचं आणि मग पन्नास माणसं बसवून गाडी चालवायची? आण्णांना कळू दे, मगच देते." मी म्हटलं, मग तू सांग. म्हणते, "ते फोन आईकडे देतात." सहा वेळा फोन लावला, दाजी. सहाही वेळा तुम्ही "हां, बरं शे" म्हणालात. म्हणून हे पत्र.

तुम्ही रागावणार हे धरून चाललोय. ड्रायव्हरच्या धंद्याला लोक नावं ठेवतात, हे मला सांगायची गरज नाही. पण तुम्हाला आठवत असेल, माझी सोयरीक जमवायला तुम्हीच गेला होता आणि चांगुणाच्या बापाला "मुलगा वाहतूक खात्यात आहे" असं सांगितलं होतं. सासऱ्यांना लग्नानंतर चार महिन्यांनी मी ट्रकसकट दारात उभा राहिलो तेव्हा कळलं. तुम्ही त्यावेळी लाजून लपवलं. पूजाला लपवायचं नाही. एवढाच फरक आहे, आणि मला वाटतं तो तिच्या बाजूचा आहे.

अक्काला नमस्कार. तिला हे पत्र तुम्ही स्वतः वाचून दाखवा, शेजारच्या पोराकडून नको.

आपला नम्र,
गेणू

ता. क. – परीक्षेची पुढची तारीख येत्या बुधवारी, सकाळी दहाला. तुम्ही आला नाहीत तर ती याही वेळी जाणार नाही. आणि शाळेत तिच्यासाठी मी शब्द टाकलेला आहे, तेव्हा माझीही अडचण समजून घ्या.

ता. क. दुसरी – मी शिकवायच्या नोकरीत समाधानी आहे, जीवनशेठचे फोन येतात पण मी जाणार नाही. (फक्त शनिवारी त्याची एक गाडी मालेगावला पोचवायची आहे. जुनी गाडी आहे, कॅमेरा नाही. चांगुणाला सांगू नका.)

आण्णा, खालचं मी पूजा लिहितेय. मामांनी पत्र माझ्याकडे पाकिटात घालायला दिलं, म्हणून वाचलं. घाटातलं खरं सांगते. मामा शांत बसले नव्हते. कंटेनर घासला तेव्हा ते खंडोबाला हाका मारत होते आणि त्यांच्या बाजूचा ब्रेक त्यांनी पूर्ण ताकदीने दाबला होता. फक्त पायाखाली ब्रेक नव्हता, मामीनं दिलेला माझा जेवणाचा डबा होता. तो चपटा झाला. मामीला अजून कळलेलं नाही की डबा कुठे गेला.

माझंही एक मामांनी लिहिलं नाही. पाणी त्या ड्रायव्हरला दिलं, त्याच्या आधी मी प्यायले होते.

आण्णा, बुधवारी सकाळची सात वाजताची सटाणा–नाशिक गाडी धरा, मी स्टँडवर घ्यायला येते. रागवायचं असेल तर फोनवर नको. इथे येऊन, माझ्यासमोर बसून रागवा. दहाच्या आत आटपेल एवढंच बघा.