अहवालात नसलेलं नाव

प्रिय ओक मावशी,

तुम्ही येऊ नये, असंच मला वाटत होतं. म्हणून तर म्हटलं, "कशाला एवढा प्रवास? फोनवर दिसतोच की आपण." मंगोलियातून गेली चार वर्षं मी कोरियातल्या आपल्या सोलच्या चर्चला अहवाल पाठवतेय आणि प्रत्येकात आमचं काम छान चाललेलं असतं.

मी दार उघडलं, तशा तुम्ही म्हणालात, "अहवालात तर सगळं बरं आहे. मग तू एवढी वाळलीस कशानं गं?"

मी स्वयंपाकघरात पळाले. तुम्ही मागोमाग येऊन लसूण सोलत बसलात. शेवटी मीच सांगितलं, की सहाव्या महिन्यात पोटातली मुलगी गेली आणि तेव्हापासून माझ्याकडून प्रार्थना होत नाही. मिशनऱ्याच्या बायकोनं हे कुणाला सांगायचं?

तुम्ही बायबलमधलं एकही वचन ऐकवलं नाहीत. "नाव काय ठेवणार होतात?" एवढंच विचारलंत.

"हा-उन," मी म्हणाले आणि रडले.

माझी पत्रं रविवारी सगळ्यांसमोर वाचली जातात, म्हणून हे धाडत नाही. पण तुम्ही गेलात त्या दिवशी जेवताना माझ्या नवऱ्यानंही ते नाव पहिल्यांदा घेतलं.

तुमची,
सुल-गी