मारपो खिंडीचा लीडर

३ जुलै, सकाळी

आजपासून रोजनिशी. युलमारच्या गोबाने आजवर कधी रोजनिशी लिहिलेली नाही. गोबा म्हणजे गावाचा मुखिया. यंदा तो मी आहे. लोसारला, नवं वर्ष लागतं तेव्हा, गावाने मला एकमताने निवडलं, आणि मी तर तेव्हा जम्मूत होतो. गैरहजर माणसाने निवडून येणं सोपं नाही. चोरोल म्हणते, "पाळी आपल्या घराची होती, आणि नाही म्हणायला तुम्ही तिथे नव्हतात." बायकोला राजकारण कळत नाही.

हिवाळ्यात मी जम्मूला असतो, गावासाठी ओळखी वाढवायला. मागच्या आठवड्यात रस्ता उघडला आणि परतलो. तोवर गावाचा शिक्का आणि पत्रव्यवहार चोरोलकडे होता. तात्पुरता. अजून तिच्याकडेच आहे, कारण मला वेळ झालेला नाही.

मुख्य गोष्ट: ऑस्ट्रेलियाच्या खाली एक बेट आहे, तिथून बारा जण येणार आहेत. डोंगराच्या पलीकडून चार दिवस चालत, मारपो खिंड ओलांडून. गावापर्यंत जीप येते हे त्यांना माहीत आहे. तरीही चालत. मग इथे दोन आठवडे राहून आमच्या शाळेला एक खोली बांधून देणार. आमची पोरं लेहला जाऊन लोकांच्या विटा उचलतात, आणि हे लोक समुद्र ओलांडून आमच्या विटा उचलायला येतात. दोघांपैकी कोण जास्त खुळं, ते एकदा ठरवायला हवं.

संकल्प: ग्रुपला खिंडीवरून मी स्वतः आणणार. ते जाईपर्यंत छांगला, आमच्या जवाच्या बियरला, हात लावणार नाही. रोज पहाटे चढाचा सराव.

४ जुलै

सराव झाला नाही. गुडघा.

५ जुलै, संध्याकाळी

शाळेचं लिहून ठेवतो. मुलं पाच. हिवाळ्यात वर्गात शाई गोठते, म्हणून मास्तर रबग्यास नोव्हेंबरात निघून जातात ते मार्चअखेर उगवतात. आता वरून कागद आलाय की अशी शाळा चालू ठेवता येणार नाही. मास्तर म्हणतात, "एक खोली उबदार द्या, मी हिवाळा इथे काढतो." नाही दिली तर माझी धाकटी कुन्झेस, वय वर्षं आठ, दोन दिवसांच्या वाटेवर हॉस्टेलात जाणार. मी चोरोलला म्हटलं, हॉस्टेलात शिस्त लागते. ती त्यानंतर बोललेली नाही. घरात छान शांतता आहे.

आज अरक घेतली. अरक म्हणजे छांग नव्हे.

७ जुलै

चोरोल बोलू लागली. ग्रुपला आणायला थोरली यांगदोल जाऊ दे म्हणते. यांगदोलने गिर्यारोहणाचा कोर्स केलाय, महिनाभराचा. डोंगर काय कोर्सने कळतो? मी मारपो सत्तावीस वेळा ओलांडली आहे.

"दोनदा," चोरोल म्हणाली. "त्यातल्या एकदा आईच्या पाठीवर होतात."

शेवटी ठरलं: लीडर मी. यांगदोल आणि घोडेवाला मुतुप सामानासोबत मागून. सत्तावीसचा आकडा ग्रुपला कळव म्हणून यांगदोलला सांगितलंय. तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते नीट दिसलं नाही.

१० जुलै, डोंगराच्या पलीकडे, तंबूत

जीपने वळसा घालून आलो. ग्रुप भेटला. प्रत्येकाच्या हातात दोन काठ्या, म्हणजे चार पायांवर चालतात. पाठीवर पाण्याची पिशवी, तिची नळी तोंडात, तान्ह्या बाळासारखी. दर तासाला थांबून घड्याळात उंची बघतात आणि एकमेकांचं अभिनंदन करतात. उंची त्यांनी केली असावी.

त्यांची प्रमुख हेलन, वय एकसष्ट, आयुष्यभर नर्स होती. बोटाला चिमटा लावून प्रत्येकाच्या रक्तातली हवा मोजते आणि वहीत लिहिते. दुसरा डॅरन, दाताचा डॉक्टर, दाराएवढा रुंद. मी इंग्रजीत स्वागताचं भाषण केलं. सगळे हसले. नंतर हेलनने यांगदोलला विचारलं, ते काय म्हणाले?

माझ्या बोटालाही चिमटा लावायला आली. मी हात खिशात घातला. म्हटलं, मी इथला आहे.

११ जुलै

दुसरा दिवसही यशस्वी. दुपारी ग्रुपला डावीकडच्या नाल्याने नेलं, तिकडून बर्फाचं शिखर छान दिसतं. तीन तासांनी वर एक मेंढपाळीण भेटली. आदराने दादा म्हणत विचारते, "आचो-ले, एवढी माणसं घेऊन कुठे निघालात? पुढे तर कडा आहे." म्हटलं, शिखर दाखवायला आणलंय. मागे फिरलो तर नाल्याच्या तोंडाशी यांगदोल आणि मुतुप दगडावर बसून चहा पीत होते. यांगदोलने मलाही एक कप ओतला. मुतुप मात्र घोड्याला म्हणाला, "बघ, तुला तरी वाट माहीत आहे."

अशा माणसांना कामावर ठेवू नये. घोडे त्याचे आहेत, हीच अडचण.

१२ जुलै, रात्रीचं जेवण टाळून

आज मुद्दाम सगळ्यांच्या पुढे, भरभर चाललो, त्यांना पहाडी माणसाची चाल कळावी म्हणून. संध्याकाळी डोकं ठणकू लागलं. ग्रुपच्या स्वयंपाक्याने मॅकरोनी केली होती. मॅकरोनीने डोकं दुखतं, हे फार थोड्यांना माहीत असतं.

यांगदोल तंबूत डोकावली. "आबा-ले, सहा महिने जम्मूत होतात, परतून दोन आठवडेही नाही झाले. उद्या खिंड आहे. एक दिवस इथेच थांबू या." म्हटलं, लीडर थांबत नसतो. ती म्हणाली, "बरं. मग रात्रीतून उलटी झाली तर मला हाक मारा."

मारली नाही. उलट्या झाल्या तीन.

१५ जुलै, घरी, अंथरुणात

तेराव्या तारखेचं आज लिहितोय. परवा पेन धरवेना.

खिंडीच्या माथ्यावर झेंडे फडफडत होते एवढं आठवतं. ते झेंडे दोन-दोन दिसत होते. मी ग्रुपला माथ्याचं महत्त्व समजावून सांगत होतो. नंतर कळलं की मी एका दगडाला समजावत होतो. यांगदोलने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "आबा-ले, इकडे बघा. माझं नाव काय?"

मी म्हटलं, चोरोल.

ती हसली नाही. हसायला हवं होतं, म्हणजे मला बरं वाटलं असतं. दोघींचे चेहरे सारखेच आहेत, कुणाचीही गल्लत होईल. हेलनने खिशातून माझा हात काढून चिमटा लावला. बाकीच्यांचे आकडे ऐंशीच्या घरात. माझा एकसष्ट. चिमटा विदेशी बोटांच्या मापाचा असणार.

मग यांगदोलचा आवाज ऐकला, असा आवाज मी तिचा आजवर ऐकला नव्हता. "आत्ता, लगेच खाली. चहा नाही, फोटो नाही. घोडा या उतरणीवर घसरेल, पाठीवर न्यावं लागेल." बारा जणांतल्या एकानेही प्रश्न विचारला नाही. डॅरन माझ्यासमोर पाठ करून उकिडवा बसला.

मी विरोध केला नाही. इतक्या लांबून सेवा करायला आलेल्या माणसाला सेवा करू द्यावी. चार तास. डॅरन दमला की दुसरा घ्यायचा. हेलन शेजारून चालत दर थोड्या वेळाने मला माझं नाव विचारत होती. मी दर वेळी बरोबर सांगितलं असावं. यांगदोल पुढे, पायाने दगड चाचपत. एकदा तिने मागे वळून बघितलं तेव्हा तिचे डोळे ओले होते. माझेही होते. वाऱ्यामुळे. वारा पाठीमागून होता, पण तो फिरून येतो.

गावात पोचलो तेव्हा चोरोलने मला उतरवून घेतलं आणि डॅरनला लोणी-मिठाचा चहा दिला. चार कप प्यायला तो. मला विचारलंही नाही.

१८ जुलै

हेलनने पाच दिवस विश्रांती सांगितली. मी माझ्या जबाबदारीवर ती वाढवली आहे. मोठा माणूस अंथरुणातूनही गाव चालवू शकतो.

आज मीटिंग माझ्या उशाशी घेतली. मेमे गुरमेत, सगळ्या गावाचे आजोबा, आले होते, पंचाहत्तर वर्षांचे, गावातली निम्मी घरं त्यांनी बांधलीत. त्यांना वाटतं की त्यामुळे त्यांना बांधकाम कळतं. म्हणाले, खोलीची काच दक्षिणेला, म्हणजे सूर्य आत येईल. मी म्हटलं, काच उत्तरेला, समोर गोम्पा दिसेल, फोटोत मठ येईल, पुढच्या वर्षी दोन ग्रुप येतील. दूरदृष्टी म्हणतात ती हीच. मेमे-लेंनी चोरोलकडे बघितलं. मग म्हणाले, "हो-ले, गोबा-ले." सगळेच म्हणाले, हो-ले. चोरोलने थुक्प्याच्या सूपाचा वाडगा माझ्या हातात दिला आणि सगळ्यांना बाहेर घेऊन गेली.

निर्णय एकमताने.

२१ जुलै

खिडकीतून काम दिसत नाही, ऐकू येतं. कुन्झेस रोज बातमी आणते. विटा गावातल्या बायकांनी जूनमध्येच थापून वाळवल्या होत्या, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाहुण्यांनी थापलेल्या विटांना तडे गेले. मेमे गुरमेत त्यांना म्हणाले, "फार सुंदर, या खास जागी लावू," आणि शेळ्यांच्या गोठ्यामागे रचून ठेवल्या. पाहुणे खूश. त्यांच्यातल्या दोघींनी तिथे जाऊन फोटोही काढला.

डॅरनने मास्तर रबग्यासांची दाढ काढली म्हणे. आता गावातले सगळे तोंड उघडून त्याच्यामागे फिरताहेत. आमच्या लोकांना स्वाभिमान नाही.

कुन्झेसला विचारलं, काच उत्तरेलाच बसवताहेत ना? ती म्हणाली, "आमा-लेने सांगितलंय, तुम्हाला झोपू द्यायचं."

२४ जुलै

माझी दाढही थोडी दुखते. गेलो नाही.

२५ जुलै, पहाटे

गेलो. डॅरनने एका मिनिटात काढली. पैसे घेत नाही म्हणाला. घेतले असते तर बरं झालं असतं.

२८ जुलै, दुपारी

आज उद्घाटन. गोंचा, आमचा लांब लोकरी अंगरखा, घातला, कंबरेला लाल पट्टा. सगळे अगोदरच गेले होते, गोबाने शेवटी जायचं असतं. शाळेपाशी पोचून सरळ उत्तरेकडच्या बाजूला गेलो आणि भाषणाचा कागद काढला.

समोर भिंत होती. मातीची, कोरडी ठणठणीत. खिडकीसुद्धा नाही. माणूस नाही. एक शेळी होती.

भिंतीपलीकडून टाळ्या ऐकू आल्या. मग हेलनचा आवाज, मग यांगदोल तिचं आमच्या भाषेत करून सांगत होती, मग पुन्हा टाळ्या. मी तिथेच उभा राहिलो. कागद घडी करून ठेवला. वळसा घालून जायला वीस पावलंही नव्हती. तरी बराच वेळ लागला.

दक्षिणेला अख्खी भिंत काचेची. आत पाच मुलं मांडी घालून बसली होती, स्वेटर काढून. कुन्झेसच्या कपाळावर घाम. मास्तर रबग्यास दाराशी उभे राहून चोरोलला सांगत होते, "आमा-ले, आता मी कुठे जात नाही." चोरोलच्या हातात गावाचा शिक्का. तिने एका कागदावर तो मारला, मारताना जिभेचं टोक बाहेर आलं होतं. तिच्या गळ्यातला खतक, मानाचा पांढरा शेला, इतका मोठा होता की आधी ती ओळखूच आली नाही.

मेमे गुरमेत मला बघून जागा द्यायला सरकले. हळूच म्हणाले, "गोबा-ले, उत्तरेची भिंत कशी वाटली? वारा अजिबात आत येत नाही."

म्हटलं, चांगली झालीय.

मोजमापात डॅरनची चूक झाली असणार. पण मोठ्या मनाने मी तो विषय काढला नाही.

२९ जुलै

ग्रुप गेला. जीपने. चालायची हौस फिटली बहुतेक. हेलनने जाताना सगळ्यांशी हात मिळवला. माझ्या मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजली.

संकल्प: पुढच्या वर्षीचा ग्रुप कसा आणायचा याचा आराखडा हिवाळ्यात जम्मूत बसून करणार.

१९ ऑक्टोबर

बरेच दिवस लिहिलं नाही. कामं होती. मटार, जव, शेण वाळवणं. जम्मूचं रद्द करावं लागलं. चोरोल म्हणाली, "गोबाने हिवाळ्यात गाव सोडायचं नाही, असा नियम आहे." असा नियम कधीपासून आहे, विचारलं. म्हणाली, कालच्या मीटिंगपासून. मला मीटिंगचं सांगायचं राहून गेलं असेल.

सकाळी पाणी गोठतं. शाळेच्या खोलीत मात्र दहा वाजल्यापासून ऊब असते. मीही दुपारी जाऊन मागच्या कोपऱ्यात बसतो, देखरेखीसाठी. कुन्झेस आता जोडाक्षरं वाचते. काल चुकली म्हणून मी सुधारलं. मास्तर म्हणाले, तिचंच बरोबर होतं.

आज शेवटची जीप आली, तिच्यातून त्या बेटावरच्या संस्थेचं पाकीट. पत्ता: मॅडम चोरोल, गोबा, युलमार. आत छापील रिपोर्ट, रंगीत, चोवीस पानं. हेलनने पाठवलेल्या नोंदींवरून त्यांच्या ऑफिसातल्या कुणीतरी केलेला. यांगदोलने चुलीपाशी बसून मोठ्याने वाचला. गाईड यांगदोल, तिचं कौतुक दीड पान. पुढच्या उन्हाळ्यात तीन ग्रुप, तिन्ही तिनेच आणायचे. मेमे गुरमेत, फोटोसकट. मॅडम चोरोल, फोटोसकट, दोनदा. शेळीचासुद्धा फोटो.

माझं पान येईना. यांगदोल एके ठिकाणी थांबली आणि पान उलटायला लागली. म्हटलं, वाच.

तिने वाचलं. "मारपो खिंडीवर आमच्या गटाला एक स्थानिक वाटसरू आजारी अवस्थेत आढळला. गटाने त्याला पाठीवर घेऊन सुखरूप खाली आणलं. सहलीतला हा सर्वांत समाधानाचा क्षण."

हेलन रुग्णांची नावं कुठे लिहीत नाही, नर्सचा नियम असतो, असं यांगदोल घाईने म्हणाली. चोरोल चुलीत शेणी सारत होती. तिने वर बघितलं नाही.

सोबत एक चिठ्ठी होती. त्या ऑफिसातल्या बाईने चोरोलला विचारलंय, ते गृहस्थ आता कसे आहेत, आणि ते तुमच्याच गावचे होते का?

जीप उद्या सकाळी परत जाणार, उत्तर तिच्याबरोबरच जायला हवं. यांगदोल पेन घेऊन बसली. काय कळवू, तिने मला विचारलं.

म्हटलं, बरे आहेत म्हणून कळव. आपल्याच गावचे आहेत.